एरंडाचं कुंपण

१८ एप्रिल ही तारीख माझ्या वयाच्या कुठल्याही क्रिकेटवेड्याला आठवून द्यावी लागत नाही. १९८६ साल, शारजा, शेवटचा चेंडू, चेतन शर्मा आणि जावेद मियाँदादचा षटकार. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंकडे तीसएक माणसं दाटीवाटीने बसलेली, त्यात मी आणि अब्बा. षटकार गेला आणि मी रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत, प्रार्थना संपल्या संपल्या, एका सरांनी हसत हसत विचारलं, "काय रे, काल तुमच्याकडे पेढे वाटले असतील ना?" वर्ग हसला. मीही हसलो. हसलो याचीच लाज अजून वाटते.

तीच तारीख मला पुन्हा भेटली ती गेल्या वर्षी, आणि भेटली बेसबॉलमध्ये. बेसबॉल मला कळत नाही. माझा भाचा अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ नोकरीला आहे. तिथून टुसॉनला जाणारा हायवे आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातो. फोनवर तो म्हणाला, "मामू, इथे युद्धात जपान्यांची छावणी होती म्हणे. आता नुसतं माळरान आहे." त्याने विषय सोडून दिला. मला तो सुटेना.

त्या छावणीचं नाव हीला रिव्हर. फेब्रुवारी १९४२ मध्ये रूझवेल्टनी एका हुकमावर सही केली आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरं, दुकानं, शेती सोडायला लावून दहा छावण्यांत नेऊन ठेवलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच जन्मजात नागरिक. हीला रिव्हरमध्ये तेरा हजारांहून जास्त माणसं होती. जमीन पीमा आणि मारिकोपा आदिवासींची. त्यांच्या विरोधाला कुणी धूप घातली नाही. म्हणजे एकाची जमीन घ्यायची, दुसऱ्याला त्यावर कोंडायचं, आणि दोघांकडून निष्ठेची अपेक्षा करायची. याच पीमांमधला आयरा हेज फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा रोवणाऱ्या सहा जणांत होता. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

छावणीच्या ब्यूट नावाच्या भागात केनिची झेनिमुरा नावाचा गृहस्थ आला. जन्म हिरोशिमाचा, वाढला हवाईत, राहणार कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. उंची जेमतेम पाच फूट. १९२७ मध्ये हा माणूस बेब रूथ आणि लू गेरिगबरोबर मैदानात उतरला होता; दोन धिप्पाड खेळाडूंशेजारी उभा असलेला त्याचा फोटो आहे. बेब रूथ म्हणजे त्यांचा ब्रॅडमन म्हणा. छावणीत येऊन झेनिमुराने फावडं घेतलं आणि बराकीमागच्या झुडपांवर चालवायला सुरुवात केली. दोन मुलं मदतीला आली, मग शेजारपाजारचे आले. बुलडोझरवाल्याला गाठून जमीन सपाट करून घेतली. पाण्याची वाट वळवून आणली आणि खेळपट्टीभोवती गवत रुजवलं. फलंदाजामागची जाळी उभी करायला खांब हवे होते. ते छावणीच्या काटेरी तारेच्या कुंपणाचे काढले. एक सोडून एक, म्हणजे कुणाच्या लक्षात येऊ नये. लाकूड रात्री वखारीतून आलं. रेषा आखायला पीठ वापरलं. आणि मैदानाच्या टोकाला भिंतीऐवजी काय लावलं असेल? एरंड. आपल्याकडे कंटाळवाण्या चर्चेला 'एरंडाचं गुऱ्हाळ' म्हणतात, पण वाळवंटात भराभर वाढून दाट सावलीची भिंत उभी करणारं दुसरं झाड त्याला सुचलं नसावं.

मैदान सुरू झालं ७ मार्च १९४३ ला. त्याच सुमाराला छावणीतल्या सतरा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या हातात एक छापील प्रश्नावली दिली होती. सत्ताविसावा प्रश्न: सैन्यात लढाल का? अठ्ठाविसावा: अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा राखून जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडून द्याल का? जपानात जन्मलेल्यांना अमेरिकेचा कायदा तेव्हा नागरिकत्वच देत नव्हता. त्यांनी 'हो' लिहिलं तर ते कुठल्याच देशाचे उरणार नव्हते. आणि तिथेच जन्मलेल्या पोरांनी 'हो' लिहायचं म्हणजे जी निष्ठा कधी नव्हतीच ती सोडल्याचं कबूल करायचं. त्या कागदाने घराघरांत भांडणं लावली.

मी हा प्रश्न वाचला आणि मला सरांचे पेढे आठवले. तुलना मोठी आहे, हे मला समजतं. मला कुणी घरातून काढलं नाही. प्रश्नाची बांधणी मात्र तीच: उत्तर कुठलंही द्या, गुन्हा आधीच धरलेला असतो.

छावणीतल्या शाळेचं नाव ब्यूट हायस्कूल, संघाचं नाव ईगल्स, प्रशिक्षक झेनिमुरा. शाळा बराकीत, पण संघाला मैदान असं की हजारो माणसं बघायला लोटत. प्रेक्षकांत टोपी फिरवून जमलेल्या पैशांतून साहित्य यायचं. १८ एप्रिल १९४५ ला टुसॉन हायस्कूलचा संघ, म्हणजे राज्याचे विजेते, बसने छावणीत खेळायला आला. युद्ध चालू होतं, ओकिनावात माणसं मरत होती. त्या पोरांना पाठवणाऱ्या पालकांचं आणि प्रशिक्षकाचं मला कौतुक वाटतं. नऊ इनिंगमध्ये सामना सुटला नाही. दहाव्यात तिन्ही बेसवर खेळाडू उभे असताना झेनिमुराच्या धाकट्या मुलाने, हार्वीने, फटका मारला आणि छावणी ११-१० ने जिंकली. नंतर दोन्ही संघ एकत्र जेवले. परतीचा सामना टुसॉनला व्हायचा होता. तो झाला नाही; छावणीतल्या पोरांना तिकडे बोलवायला शहर तयार नव्हतं.

त्याच वर्षी छावणी बंद झाली. १९५३ मध्ये हार्वी आणि त्याचा भाऊ हिरोशिमा कार्प संघाकडून खेळायला जपानला गेले. तिथे ते अमेरिकन. अमेरिकेने रीतसर माफी मागितली १९८८ साली. झेनिमुरा त्याआधी वीस वर्षं, १९६८ मध्ये गेला होता.

हे सगळं मी अब्बांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या खांबांबद्दल कुणी पकडलं नाही त्याला?" मी म्हटलं, नाही. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी शाळेतून आल्यावर तू काही बोलला नाहीस. पण शेजारच्या मुलाने मला सांगितलं होतं." एकोणचाळीस वर्षांनी.

रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, आदिवासींची परवानगी असल्याशिवाय तिथे आत जाता येत नाही. मी म्हटलं, रीतसर माग. आणि मिळाली तर एरंड दिसतो का बघ, दिसला तर अब्बांसाठी फोटो काढून पाठव.