हळू चालवण्याची विद्या

मोटारसायकल पळवायला कुणाला शिकवावं लागत नाही. उजवं मनगट जरासं मागे वळवलं की ती पळते, आणि एकदा पळायला लागली की आपला तोल बराचसा आपणच सांभाळते. मी फी घेते ती गाडी हळू चालवायला शिकवण्याची. माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू, पाय न टेकता आणि गाडी बंद न पाडता. हे जिला जमलं तिला आरटीओच्या चाचणीची धास्ती उरत नाही. जिला जमलं नाही तिला लायसन्स मिळालं, तरी लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सहा वाजता ते उपयोगी पडत नाही.

मी पुण्यात बायकांना दुचाकी शिकवते. बहुतेक जणींना स्कूटरच शिकायची असते, पण गिअरची गाडी शिकायची म्हणून येणाऱ्याही आता बऱ्याच आहेत. कुणाला लडाखला जायचंय, कुणाच्या भावाची मोटारसायकल दारात धूळ खात पडलीय, कुणाला नोकरीसाठी हवीय. साठीला टेकलेल्या एक काकू आल्या होत्या. त्यांना कुठंच जायचं नव्हतं. “आयुष्यभर मागे एका बाजूला पाय सोडून बसले, आता एकदा पुढे बसून बघायचंय,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं. शिकवायला मला अशी माणसं आवडतात, कारण त्यांना घाई नसते.

घाई असते ती कच्चं लायसन्स संपत आलेल्यांना. ते सहा महिने चालतं, आणि ते हातात पडल्यापासून तीस दिवस होईपर्यंत पक्क्याची चाचणी देता येत नाही. या काळात माणसानं शिकावं अशी कायद्याची अपेक्षा. आपल्याकडची रीत अशी, की पाच महिने गाडीवर कव्हर घालून ठेवायचं आणि सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन करायचा, “ताई, सोमवारी ट्रायल आहे, तेवढा आठ शिकवता का?” नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा नापास झालात तरच साठ दिवस थांबावं लागतं, असं मी सांगते. त्यावर त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरतो. ताठ खांद्यांनी आठ निघत नाही, म्हणून कायद्यातलं हे कलम मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

शिकवण्याची सुरुवात डाव्या हातापासून. स्कूटरला डाव्या हाताशी मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलला तिथंच क्लच असतो. वर्षानुवर्षं स्कूटर चालवलेली बाई घाबरली की डावी मूठ आवळते. स्कूटर थांबते. मोटारसायकल मात्र इंजिनापासून सुटते आणि उतारावर तशीच घरंगळत राहते. “ब्रेक लागत नाहीये!” अशी किंकाळी मैदानावर ऐकू आली की मला न बघताही कळतं, ही आजपर्यंत स्कूटरवर होती. तिला नव्यानं शिकवण्याआधी जुनी सवय मोडावी लागते. म्हणून पहिला तास गाडी बंद ठेवून. डावा हात क्लच, डावा पाय गिअर, उजवा हात पुढचा ब्रेक, उजवा पाय मागचा. मी नाव घेते, ती तो अवयव हलवते. पोरखेळ वाटतो, पण हात विचारल्याशिवाय उत्तर देऊ लागला की मगच चावी फिरवायची.

मग हाफ क्लच. सपाट जागा, पहिला गिअर, एक्सिलेटरला हात लावायचा नाही. क्लच सोडायचा, पण इतका सावकाश की बोटांना प्रत्येक पायरी कळावी. एका जागी इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, हँडलमध्ये बारीक थरथर येते आणि गाडी पुढे सरकू बघते. तिथंच थांबायचं. पेटी वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे सगळे बघतात, पण सूर टिकतो तो भाता हलवणाऱ्या डाव्या हातानं. मोटारसायकलचंही तसंच आहे. त्या थरथरीपाशी क्लच धरून ठेवायला आला की गाडी हवी तेवढी सरकवता येते, हवी तिथं रोखता येते. गाडी बंद पडते ती ही जागा ओलांडून बोटं एकदम सुटल्यावर. प्रत्येक गाडीत ही जागा वेगळी. एकीचा क्लच अलगद सुटताच धरतो, दुसरीचा शेवटपर्यंत हूं की चूं करत नाही. म्हणून चाचणीला ज्या गाडीवर जायचं तीच गाडी सरावाला आणा, हा माझा हट्ट. गिअरचंही तसंच. स्प्लेंडरसारख्या गाडीत चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरसारखीत पहिला खाली आणि बाकीचे वर. एकीवर शिकून ऐनवेळी शेजाऱ्यांची दुसरी गाडी मागून नेली, की माणूस दुसरा टाकायला जातो आणि गाडी न्यूट्रलमध्ये नुसती ओरडते.

आता आठ. चाचणीचं स्वरूप जागेगणिक बदलतं. कुठं जमिनीवर आखलेला आठ, कुठं खांबांमधून नागमोडी वळणं, कुठं जाऊन वळून यायचं. पण सगळीकडे चाचणी घेणाऱ्या साहेबांची नजर एकाच गोष्टीवर असते: पाय टेकला का? आणि पाय टेकण्याचं कारण बहुतेक वेळा पायात नसतं, डोळ्यांत असतं. शिकणारी बाई पुढच्या चाकाकडे बघते. चाक पांढऱ्या रेषेजवळ गेलं की रेषेकडे बघते. नजर जिथं जाते तिथं गाडी जाते, हा दुचाकीचा फार जुना स्वभाव आहे. रेषा चुकवायची म्हणून रेषेकडे टक लावलं की चाक रेषेवरच चढतं, आणि मग पाय खाली येतो.

हे सांगून कळत नाही. मी वर्तुळाच्या मध्ये उभी राहते आणि म्हणते, “चाक मरू दे, माझ्या तोंडाकडे बघा.” ती गोल फिरते, मी जागच्या जागी तिच्या पुढे पुढे वळत राहते. तिला मान वळवावी लागते, हनुवटी खांद्याशी येते, आणि गाडी आपोआप वळते. दोन फेऱ्यांनंतर मी काही न सांगता दुसऱ्या वर्तुळात चालत जाते. तिची नजर माझ्यामागे येते, नजरेमागे हँडल, आणि आठाची मधली फुली ती कधी ओलांडते ते तिलाच कळत नाही. सगळी अडचण असते ती या फुलीवर. तिथं डावीकडे कललेली गाडी क्षणभर सरळ करून उजवीकडे कलवायची असते, आणि नेमकं तिथंच घाबरून एक्सिलेटर सोडला जातो. हळू गाडीला आधार असतो चाकाला मिळणाऱ्या ताकदीचा. तो काढून घेतला की ती आडवी व्हायला बघते. म्हणून इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवायचा, वेग कमी करायचा तो हाफ क्लचनं आणि उजव्या पायाच्या हलक्या ब्रेकनं. अंग सरळ, गाडी कललेली. गुडघे टाकीला चिकटलेले. ओढणी असेल तर ती आधीच कमरेला बांधलेली.

पुढच्या ब्रेकला मात्र तेव्हा बोट लावायचं नाही. वळलेल्या हँडलवर, हळू वेगात, पुढचा ब्रेक दाबला की गाडी तिथल्या तिथं बसते. याच अनुभवातून घरोघरचे बाबा, काका, दीर सांगत आले आहेत, “पुढचा ब्रेक लावायचाच नाही, उलटी पडशील.” हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जिवावर बेततं. सरळ रस्त्यावर ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक कितीही आवळा, ते घसरत जातं. थांबवतं ते पुढचं चाक. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटक्यानं नाही तर पिळत नेल्यासारखा. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा चुकलेला हात सांभाळून घेते, पण ब्रेक दाबायला बोटं पुढे यावी लागतात ती आपलीच. हा सराव मी डांबरावर घेते. मुरमाच्या मैदानावर तो घेणं म्हणजे हाडवैद्याचा धंदा वाढवणं.

चाचणीच्या दिवशी नवं काही शिकवायचं नसतं. आदल्या दिवशी इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकचा दिवा चालतात का ते बघायचं. पुतण्यानं स्टाइल म्हणून काढून ठेवलेले आरसे परत लावायचे. मूळ कागदपत्रं, गाडीचा विमा, पीयूसी एका पिशवीत. हेल्मेटचा पट्टा लावलेला. हेल्मेटसक्तीच्या विरोधात पुण्यानं कितीही नाव कमावलं असलं, तरी डोक्याला पुणेरीपणा कळत नाही. आणि साइड स्टँड. नव्या बऱ्याच गाड्यांत तो खाली असताना गिअर पडला की इंजिन बंद होतं. साहेबांसमोर गाडी दोनदा अशी बंद पडली, की बाईला वाटतं क्लच बिघडला, हात कापायला लागतात, आणि पुढचं सगळं विस्कटतं. म्हणून बसायचं, स्टँड वर, आरसे, न्यूट्रलचा हिरवा दिवा, मग सेल्फ, आणि निघताना उजव्या खांद्यावरून मागे एक नजर. हा क्रम इतका मुरवायचा की घाबरलेल्या अवस्थेतही तो सुटू नये. घाबरणं थांबवता येत नाही. घाबरलेला माणूस सवयीनं चालतो, तेव्हा सवय चांगली लावून द्यायची.

साहेबांपुढची ती फेरी बघता बघता संपते. खरं तर 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीची यादी फार मोठी आहे. चढावर थांबून मागे न घरंगळता पुन्हा निघणं, चौकात आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि परत उजवीकडे बघणं, पादचाऱ्यांना आधी जाऊ देणं. तीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचून मला सरकारी भाषेचं कौतुक वाटतं: रस्त्यावरचे इतर लोक पुढं काय करतील याचा अंदाज घेता आला पाहिजे, आणि त्यांच्याशी सौजन्यानं वागता आलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी रिकाम्या मैदानावर तपासता येत नाहीत, कारण तिथं इतर लोकच नसतात. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. आठ काढण्यात ती सगळीच कच्ची असतील असं मला वाटत नाही.

म्हणून आठ जमला की मी मागच्या सीटवर बसते आणि भल्या सकाळी रस्त्यावर नेते. अट एकच, दिसेल ते मोठ्यानं बोलत गाडी चालवायची. सुरुवातीला त्या जे आहे तेच सांगतात: “रिक्षा. बस. कुत्रा.” मी म्हणते, आहे ते नको, होणार आहे ते सांगा. मग हळूहळू वाक्यं येतात. “डावीकडची रिक्षा उभी आहे, पण तिचं पुढचं चाक उजवीकडे वळलंय, म्हणजे निघणार.” “त्या मोटारीत माणूस बसलेला दिसतोय, दार उघडेल.” “बस थांब्यावर आहे, पुढून कुणीतरी पळत येईल.” “वळणावर वाळू सांडलीय, ब्रेक आधीच लावते.” जूनमधल्या पहिल्या पावसात यात आणखी भर पडते, कारण रस्त्यात मुरलेलं तेल तेव्हा वर येतं, आणि गटाराची लोखंडी झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे निसरडे होतात. सौजन्यही इथंच शिकायचं. म्हाताऱ्या माणसासाठी थांबायचं तर हाफ क्लचवर, पाय न टेकता, मागून हॉर्न वाजत असताना. जिला हळू चालवता येत नाही तिला थांबणं म्हणजे फजिती वाटते, म्हणून ती न थांबता आजोबांना वळसा घालून पुढे काढते. उर्मटपणा म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यातला कितीतरी भाग मला निव्वळ कच्च्या क्लचचा वाटतो.

पास झाल्यावर पेढे येतात, आणि पेढ्यांबरोबर प्रश्न येतो, “आता यांना डबलसीट घेऊन जाऊ ना?” कायद्याची ना नसते. माझी असते. मागे माणूस बसला की क्लचची जागा तीच राहते, पण निघायला ताकद जास्त लागते. थांबायला अंतर जास्त लागतं. आणि वळताना मागचं माणूस घाबरून उलट्या बाजूला कलतं, ते वेगळंच. त्यात ते माणूस नवरा असेल तर ते सूचनाही करतं. तेव्हा मी पेढा तोंडात टाकते आणि सांगते, रविवारी सकाळी मैदानावर या, आधी मला बसवा. माझं वजन चांगलं दणदणीत आहे, आणि त्या दिवशी मी मागे बसून अवाक्षर काढत नाही.