मागचे मडगार्ड

बाबांच्या पश्चात त्यांची बुलेट आम्हा दोघा भावांच्या हाती आली. साडेतीनशे सीसीची, उजव्या पायाने गिअर टाकावयाची. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मद्रासला बुलेट घडू लागल्या; आमची त्यानंतर बऱ्याच वर्षांनी घडलेली. टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ आजही शाबूत आहे. मागच्या मडगार्डने मात्र दगा दिला. त्याचा काळा रंग वरून चकाकत होता. धुताना आतल्या बाजूची चिखलाची खपली काढली आणि बोट पत्र्यातून आरपार गेले. आत साचलेला चिखल ओल धरून ठेवतो, त्यात आमच्या वसईची खारी हवा. गंज आतूनच खात आला होता.

कंपनीचे अस्सल मडगार्ड आम्हांला मिळाले नाही. इतर कारखानदारांनी बनविलेली दोन प्रकारची मडगार्डे दुकानात होती: जुन्या घाटाचे लांब, आणि हल्लीच्या फॅशनचे आखूड, सीटच्या मागे वीतभर जाऊन थांबणारे. धाकट्याला आखूड आवडले. थोरल्यानेही मान डोलाविली. बसवायला एक दुपार पुरली. गाडी तरणी दिसू लागली, असे आमचे आम्हीच म्हणून घेतले.

जूनमधल्या एका रविवारी पाऊस नुकताच उघडला होता. धाकट्याने आईला मिस्साला नेले, थोरला सायकलने मागाहून गेला. नेहमी पुढून तिसऱ्या बाकावर बसणारी आई त्या दिवशी देवळाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुणी ओळखीचे भेटले असेल, असे आम्हांला वाटले. घरी आल्यावर ती पाठमोरी झाली तेव्हा कळले. फिक्या रंगाच्या साडीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उमटला होता.

"तुमच्या बाबांच्या वेळी असं कधी झालं नाही रे," एवढेच ती म्हणाली आणि साडी भिजत घालावयास निघून गेली.

गाडी हाकणाऱ्याला हे दिसत नाही. चाकाने उडविलेला चिखल मागून वर चढतो आणि पाठीमागे बसलेल्याच्या वाट्याला येतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान निम्मे चाक झाकणारे संरक्षण उत्पादकाने द्यावे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितले आहे. आपण साडी गार्ड म्हणतो ते हेच. ते आम्ही काढले नव्हते म्हणून पदर सुरक्षित राहिला. पण चिखल अडविण्याचे काम मडगार्डाचेच.

पुढच्या शनिवारी लांब मडगार्ड आणले. बॅटरीची तार सोडविली, सीट व नंबरप्लेट उतरविली, मागच्या दिव्याच्या तारांना रंगीत दोऱ्याच्या खुणा बांधल्या. रंग देण्याआधी नुसते लावून पाहिले ते बरे झाले, कारण भोके जुळेनात. एक बाजू जुळली की दुसरी तीन-चार मिलिमीटर सरके. धाकटा जोर लावून बोल्ट घुसवू पाहत होता. ताणून बसविलेला पत्रा इंजिनाच्या थरथरीने भोकापाशीच तडकतो, हे बाबांचे बोल थोरल्याला आठवले. गोल कानशीने भोके लांबविली, रुंद वॉशर घातले, सगळे बोल्ट आधी सैल धरून मग क्रमाने आवळले. नंतर आम्ही दोघांनीही गाडीवर बसून उसळ्या मारल्या. शॉकअब्सॉर्बर दबल्यावर टायर कुठेही घासता कामा नये. एका बोल्टचे टोक घासत होते. तो उलटा घातला.

रंग वाळल्यावर जोडणी केली, तर मागचा दिवा लागेना. तारा तपासल्या, बल्ब बदलला. अखेरीस उमगले की दिव्याचा परतीचा प्रवाह मडगार्डाच्या पत्र्यातूनच गाडीच्या सांगाड्याकडे जातो, आणि आमच्या जाड रंगाने ती वाट बंद केली होती. एका बोल्टखालचा रंग खरवडताच दिवा लागला.

जुने मडगार्ड भंगारात देण्यापूर्वी उलटे केले. तळाशी जुन्या टायरातून कापलेला रबराचा तुकडा तीन रिव्हेटांनी ठोकलेला होता. बाबांनीच तो लावला होता. कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नव्हते. तो मागे बसणाऱ्यासाठीही नव्हता. रस्त्याने पाठोपाठ येणाऱ्यांसाठी, सायकलवाल्यांसाठी होता. तो सोडवून आम्ही नव्याच्या टोकाला बसविला.

त्यानंतरच्या रविवारी रस्ता तसाच चिखलाचा होता. गाडीच्या मागोमाग सायकल आली, तीही कोरडी. आई आपल्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली.