बंद कारखान्यातली उबवणी

हल्ली खेड्यापाड्यांतली मुलेमुलीही शिकून अमेरिकेला जातात, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांचे आईवडील चार-सहा महिन्यांसाठी तिकडे राहून येतात. परत आल्यावर ओसरीवर बसून फोटो दाखवण्याचा कार्यक्रम होतो. त्यात एक फोटो हमखास असतो. पाठीमागे नायगाऱ्याचा धबधबा, अंगात निळा रेनकोट आणि तोंडावर पाण्याचे तुषार. नायगारा पाहण्याजोगा आहे, यात शंकाच नाही. पण न्यूयॉर्ककडून मोटारीने तिकडे जाताना, धबधबा तास-सव्वा तासावर राहिला असता, एका लहानशा गावाला बगल देऊन गाडी भरधाव पुढे निघून जाते. त्या गावाचे नाव बटेव्हिया. तिथे सहसा कोणी थांबत नाही. आज मी तुम्हाला तिथेच थांबवणार आहे. धबधबा नाही, उंच मनोरे नाहीत. एक जुना कारखाना आहे. पण शेतकऱ्याच्या घरात सांगावी अशी गोष्ट त्या कारखान्यापाशी आहे.

रॉचेस्टर शहर मागे टाकून जुन्या ३३ क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला निघा. साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा पल्ला. मुलूख आपल्यासारखाच शेतकऱ्यांचा. दोन्ही हातांना मका, कोबी, दुभत्या गाईंचे गोठे आणि गोठ्याशेजारी मुरघासाचे उंच मनोरे. बटेव्हियाच्या उत्तरेला एल्बा म्हणून गाव आहे. तिथे दलदलीचे पाणी काढून लागवडीखाली आणलेली जमीन आहे, काळीभोर आणि हाताला भुसभुशीत लागणारी. त्या जमिनीत पीक कशाचे, तर कांद्याचे! लासलगाव-निफाडकडच्या वाचकांना तिथे गेल्यावर परके वाटणार नाही. मात्र थंडीत सारा मुलूख बर्फाखाली जातो, आणि चार-पाच महिने रान मुके होऊन पडते.

गावात शिरल्यावर मुख्य रस्त्याजवळ एक दगडी इमारत दिसेल. ती १८१५ सालची, हॉलंड लँड कंपनीची कचेरी. आता तिथे संग्रहालय आहे. या कंपनीकडे पश्चिम न्यूयॉर्कमधली सुमारे ३३ लाख एकर जमीन होती. एवढी जमीन एकगठ्ठा घेणारा धनी कुठून मिळणार? म्हणून जोसेफ एलिकॉट नावाच्या भूमापकाने तिची मोजणी केली, तुकडे पाडले, आणि बाहेरून आलेल्या साध्या कुटुंबांना ते उधारीवर, हप्त्यांनी विकले. त्यातूनच हा प्रदेश वसला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. दीडशे वर्षांनी याच गावात तिची पुनरावृत्ती झाली आहे.

आता मुख्य रस्त्याने पूर्वेकडे चला. एका रस्त्याच्या पाटीवर लिहिलेले दिसेल, 'हार्वेस्टर अॅव्हेन्यू'. हार्वेस्टर म्हणजे कापणीचे यंत्र. रस्त्याला यंत्राचे नाव का, असे तुम्ही विचाराल. १८८२ साली जॉन्स्टन हार्वेस्टर कंपनीचा जवळच्या ब्रॉकपोर्ट गावातला कारखाना आगीत जळाला, तेव्हा कंपनी बटेव्हियाला आली. १९१० साली कॅनडातल्या मॅसी-हॅरिस कंपनीने ती विकत घेतली. हीच कंपनी पुढे फर्ग्युसन यांच्याबरोबर एक झाली आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव जन्माला आले. तुमच्या गावात लाल रंगाचा मॅसी ट्रॅक्टर असेल. आपल्याकडे तो टॅफे कंपनी बनवते. त्या ट्रॅक्टरचे आणि या रस्त्याचे घराणे एकच, असे म्हणायला हरकत नाही.

पिढ्यान्‌पिढ्या बटेव्हियाची माणसे त्या कारखान्याच्या भोंग्यावर उठली आणि निजली. आणि १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखाना बंद झाला. गावात बेकारी इतकी वाढली की काम करू शकणाऱ्या दर पाच-सहा माणसांत एक जण रिकामा बसला. मागे उरली ती इमारत. तिच्या सगळ्या मजल्यांचे क्षेत्र मिळून साडेआठ लाख चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेएकोणीस एकर छप्पर!

गावात मँक्युसो नावाचे व्यापारी कुटुंब होते. १९५९ साली त्यांनी ही इमारत घेतली आणि घरातल्या जोसेफ मँक्युसो यांच्यावर ती पुन्हा चालती करण्याचे काम सोपवले. त्यांनी आधी काय केले असेल? तुम्ही-आम्ही केले असते तेच. एखादी मोठी कंपनी शोधली, की जी सगळी जागा घेईल आणि गेलेला रोजगार एका झटक्यात परत आणील. तशी कंपनी मिळाली नाही. तेव्हा त्यांनी एलिकॉटसारखाच विचार केला. एक मोठा धनी मिळत नाही ना, मग जागेचे तुकडे पाडू आणि लहान-लहान धंद्यांना देऊ.

पण नुसते गाळे पाडून भागणार नाही, हेही त्यांनी ओळखले. नव्याने धंदा मांडणाऱ्याजवळ हुन्नर असतो, पण हिशेबनीस नसतो, टायपिस्ट नसतो, बँकेत ओळख नसते. म्हणून भाडेकरार थोड्या मुदतीचे ठेवले. कचेरीची कामे सगळ्यांत मिळून करण्याची सोय केली. धंद्याचा सल्ला आणि भांडवल मिळवायला मदतही देऊ केली. सुरुवातीच्या भाडेकरूंत दारू गाळणारी एक वायनरी होती, एक धर्मादाय संस्था होती आणि कोंबड्यांच्या धंद्यातली एक कंपनी होती. म्हणजे ज्या छपराखाली कापणीची यंत्रे जुळत, तिथे आता पिलांचा चिवचिवाट सुरू झाला! ती पिले पाहून मँक्युसो थट्टेने म्हणू लागले की, हे लोक पिले उबवतात आणि आम्ही धंदे उबवतो. थट्टेतला शब्द जगभर गेला. इंग्रजीत अंडी उबवण्याच्या यंत्राला इनक्युबेटर म्हणतात. तेच नाव नवे उद्योग वाढवणाऱ्या केंद्रांना पडले, आणि बटेव्हियाचे हे केंद्र जगातले पहिले मानले जाते.

वाचकहो, शब्द नवा असला तरी विद्या तुमच्या परसातलीच आहे. खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवायची, हे घरातल्या आजीला विचारा. तिला जे ठाऊक आहे, तेच अशा केंद्राच्या चालकाला ठाऊक असावे लागते.

पहिली गोष्ट, अंडी निवडून घ्यावी लागतात. सातव्या दिवशी अंधारात दिव्यापुढे धरून पाहायचे आणि ज्यात जीव धरला नाही ते बाजूला काढायचे. केंद्रातही येईल त्याला जागा देऊन चालत नाही. माल घेणार कोण, किंमत पडणार किती, याचा विचार ज्याने केला नाही, त्याला गोडीने परत पाठवावे लागते.

दुसरी गोष्ट, ऊब बेताची हवी. उबवणी यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपास उष्णता ठेवतात. कमी झाली तर पिलू वाढत नाही, फार झाली तर आतच मरते. सवलतीचेही तसेच आहे. भाडे हलके असावे, पण फुकट नसावे. फुकटच्या जागेत बसलेला धंदा बाजारात उभा राहायला शिकत नाही.

तिसरी गोष्ट, अंडी रोज उलटावी लागतात. कोंबडी चोचीने ती सारखी फिरवते, नाहीतर जीव कवचाला चिकटतो. चालकाने दर आठवड्याला प्रत्येकाची वही उघडून विचारले पाहिजे, उधारी किती राहिली, माल परत का आला, वजनात घट का आली. हे कुणालाच आवडत नाही, पण त्यानेच धंदा हलता राहतो.

आणि चौथी गोष्ट सर्वांत अवघड. एकविसाव्या दिवशी पिलू बाहेर पडलेच पाहिजे. केंद्रातला धंदा दोन-तीन वर्षांत अंग धरतो, भाडे वेळेवर देऊ लागतो. चालकाला वाटते, हा राहू दे, याच्या भाड्यावरच केंद्राचा खर्च निघतो. पण तो राहिला की नव्या अंड्याला जागा उरत नाही, आणि बघता बघता उबवणीघराची चाळ होऊन जाते. सरकारी अनुदान संपले की पुष्कळ केंद्रांची हीच गत होते. म्हणून केंद्र किती मोठे झाले, हे त्याच्या इमारतीवरून मोजू नये. तिथून बाहेर पडून किती धंदे आपल्या पायांवर उभे आहेत, ते मोजावे.

सगळीच अंडी फुटत नाहीत, हेही आजी सांगेल. पण थोड्या मुदतीच्या करारात एक मोठी सोय आहे. धंदा बुडाला तर माणूस सामान आवरून घरी जातो. त्याचे शेत गहाण पडत नाही.

बटेव्हियाची गोष्ट लगेच पसरली नाही. १९८० साली साऱ्या अमेरिकेत अशी केंद्रे जेमतेम बारा होती. २००६ पर्यंत उत्तर अमेरिकेत ती सुमारे १४०० झाली. आपल्याकडेही आता ती नवलाची राहिलेली नाहीत. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या संशोधन संस्थेने शेतीच्या धंद्यांसाठी २००३ साली असे केंद्र काढले. पवईच्या आय.आय.टी.त २००४ साली, तर पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ साली केंद्र सुरू झाले. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनेही अटल योजनेतून एक चालवले आहे. घरात शिकलेला मुलगा किंवा मुलगी शेतमालाच्या धंद्याचा विचार करीत असेल, तर अशा ठिकाणी एकदा जाऊन, चौकशी करून यायला हरकत नाही.

आता हे सारे तुम्हाला का सांगितले, ते सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एक सूतगिरणी बंद पडून आहे. फाटकाला कुलूप, आत कमरेइतके गवत. माझा चुलतभाऊ तिथे सोळा वर्षे साच्यावर होता. दर निवडणुकीला कोणीतरी येतो आणि सांगतो की, अमुक मोठी कंपनी ही जागा घेणार आहे. भाऊ अजून त्या बातमीची वाट पाहतो. त्याच्या सुनेने मात्र वाट पाहिली नाही. तिने लाकडी घाण्यावर करडईचे तेल काढून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक मिळाले. पण गावात गाळा घ्यायचा तर अकरा महिन्यांचे भाडे आधी आणि वर अनामत. परवान्याचे कागद कुठे द्यायचे, बाटलीवरच्या चिठ्ठीवर काय छापायचे, हे सांगायला कोणी नाही. सात महिन्यांत घाणा विकावा लागला. ज्या दिवशी तो टेंपोत चढवला, त्या दिवशी टेंपो गिरणीच्या फाटकावरूनच गेला. आत एकरांनी छप्पर रिकामे, आणि बाहेर एका घाण्याला दहा फूट जागा नाही!

मी जाणतो, गिरणीचे कुलूप काढणे सोपे नाही. बँकेचा बोजा आहे, कामगारांची देणी आहेत, कोर्टात दावे आहेत. मँक्युसो कुटुंबाने इमारत सरळ विकत घेतली, तसे आपल्याला जमणार नाही. पण सुरुवातीला साडेएकोणीस एकर लागत नाहीत. बाजार समितीचे एखादे पडीक गोदाम, सोसायटीची रिकामी वखार, पटसंख्येअभावी बंद झालेल्या शाळेच्या दोन खोल्या, एवढ्यावर चार-पाच धंदे बसतात. वजनकाटा एक, पाकीट बंद करण्याचे यंत्र एक, हिशेब लिहिणारा एक, सगळ्यांत मिळून.

म्हणजे खरी अडचण छपराची नाही. अंड्यांवर बसायचे कोणी, ही आहे. गावात पतपेढीतून निवृत्त झालेला कोणी असेल, मास्तर असतील, बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी एखादी ताई असेल. अशा माणसाने रोज चार तास तिथे बसून चार जणांच्या वह्या पाहायच्या, आणि त्याला त्याचा मेहनताना गावाने द्यायचा. फुकटची समाजसेवा म्हणून हे काम फार दिवस टिकत नाही. पुढच्या ग्रामसभेत रस्ते-गटारांचे विषय आटोपल्यावर एवढे एक विचारून पाहा: आपल्या गावात रिकामे छप्पर कोणते, आणि त्याची किल्ली कोणाकडे?

भावाची सून हल्ली पुन्हा घाण्याची चौकशी करते आहे. सोसायटीच्या वखारीचा अर्ज मी तिला लिहून दिला आहे. काय होते ते पाहू.

आणि तुमच्यापैकी कोणी नायगाऱ्याला निघालेच, तर वाटेत अर्धा तास हार्वेस्टर अॅव्हेन्यूवर थांबा. फोटो काढण्याजोगे तिथे फारसे नाही. पण परत आल्यावर ओसरीवर सांगायला गोष्ट मिळेल.