हरी हरी, डुलूथ!

काचेपलीकडे पन्नाशीचा एक गोरागोमटा गृहस्थ बर्फावर ओणवा होऊन जिवाच्या आकांताने ओरडत होता, ‘हरीऽऽ! हरीऽऽ!’ मला वाटलं, थंडीने भास व्हायला लागले! बाहेर उणे बावीस. आमच्याकडे पुण्यात तेरा झालं तरी लोक माकडटोप्या काढतात. शेजारी उभ्या असलेल्या दादाला कोपराने ढोसलं, “अरे, इथे दिंडी आलीय का?” दादा हसत सुटला. “हरी नाही गं, ‘हरी’. म्हणजे लवकर, जोरात झाडा!”

आणि खरंच, त्याच्या पुढे दोघं जण हातात झाडू घेऊन बर्फ घासत होते. ऑफिसमधून थेट आलेले, एकाच्या गळ्यात तर आयकार्डही लटकत होतं.

तर मंडळी, हे होतं डुलूथ कर्लिंग क्लब. मिनेसोटा, अमेरिका. स्थापना 1891.

मी तिथे कशी पोचले, ते आधी सांगते. माझा मावसभाऊ आयटीवाला, गेली काही वर्षं मिनिआपोलिसमध्ये. ‘ये गं एकदा थंडीत, बर्फ बघायला,’ असं वहिनी दरवर्षी म्हणायची. यंदा गेले. चार दिवसांत बर्फ बघून झाला, मॉल बघून झाला, वहिनीची भगर-आमटी खाऊन झाली. मग दादाच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, मी मूळचा डुलूथचा, वीकएण्डला घरी चाललोय, चला. फ्रीलान्सर माणसाला ‘चला’ म्हटलं की पुरे.

अडीचशे किलोमीटर उत्तरेला. शेवटी रस्ता एका टेकडीवरून खाली उतरायला लागतो आणि समोर एकदम पाणीच पाणी. लेक सुपीरिअर. म्हणायला तळं, पण पसाऱ्याच्या हिशेबात गोड्या पाण्याचं जगातलं सगळ्यात मोठं. पलीकडचा काठ दिसतच नाही. जवळच्या डोंगरांतल्या लोखंडाच्या खनिजावर आणि प्रेअरीतल्या धान्यावर हे बंदर वाढलं. कालव्यावर एक लोखंडी पूल आहे, 1905 सालचा. आता त्याचा अख्खा रस्ताच लिफ्टसारखा वर जातो आणि खालून जहाजं जातात. बॉब डिलनचा जन्मही याच गावातला, 1941 सालचा. पण गावात कुणालाही विचारा, गाडी डिलनवरून पाच मिनिटांत कर्लिंगवर येते.

बंदराच्या काठावर गावाचं मोठं कन्व्हेन्शन सेंटर आहे, शेजारी म्युझियम करून ठेवलेलं एक जुनं मालवाहू जहाज. क्लब त्याच सेंटरमध्ये. बाहेरून बघाल तर वाटेल, इथे फार तर फर्निचरचं प्रदर्शन भरत असेल!

खेळ सोपा आहे. म्हणजे सांगायला. कॅरम आठवा. बोर्ड पंचेचाळीस मीटर लांब, बर्फाचा. स्ट्रायकर म्हणजे ग्रॅनाइटचा वीस किलोचा दगड, वर किटलीसारखी मूठ. पलीकडच्या टोकाला बर्फात रंगवलेली वर्तुळं, त्यांच्या मध्याजवळ आपला दगड थांबवायचा आणि दुसऱ्याचा उडवायचा. टीममध्ये चार जण, प्रत्येकी दोन दगड. दोन्हीकडचे मिळून सोळा टाकून झाले की एक डाव संपला. मध्याच्या सगळ्यात जवळ ज्यांचा दगड, त्यांनाच पॉइंट. म्हणून शेवटचा दगड कुणाचा, याला भयंकर महत्त्व.

बर्फ मात्र गुळगुळीत नसतो हं! मॅचच्या आधी एक जण पाठीवर पाण्याची टाकी घेऊन मागे मागे सरकत बर्फावर बारीक थेंब शिंपडत जातो. अगदी अंगणात सडा घालावा तसा. थेंब गोठून बारीक पुरळ उठतं, त्यावरून दगड घरंगळतो आणि सोडताना दिलेल्या हलक्या फिरकीने हळूहळू वळत जातो. झाडून बर्फ किंचित तापतो, मग दगड लांब जातो आणि कमी वळतो. त्यासाठी तो हरीचा गजर.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. तिथल्या किल्सिथचा क्लब 1716 सालचा. स्कॉटिश लोक जिथे गेले तिथे हा खेळ घेऊन गेले, आपण जिथे जातो तिथे गणपती नेतो तसा. 1807 साली माँट्रिअलला क्लब निघाला. अमेरिकेतला पहिला क्लब 1830च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनमध्ये, आणि तिथल्या मंडळींकडे ग्रॅनाइट नव्हतं म्हणून ते चक्क लाकडाचे ठोकळे घेऊन खेळले. त्या मानाने डुलूथचा क्लब तरुणच.

खाडीपलीकडे, पूल ओलांडला की सुपीरिअर नावाचं गाव, विस्कॉन्सिन राज्यातलं. तिथला बड समरव्हिल हा या भागातला पहिला मोठा हीरो. 1965 साली त्याच्या टीमने जगज्जेतेपद जिंकलं, अमेरिकेचं पहिलंवहिलं. 1974 साली पुन्हा. आणि 1992 साली आल्बेरव्हिलच्या ऑलिम्पिकमध्ये, जेव्हा कर्लिंग फक्त प्रात्यक्षिक म्हणून होतं, हे गृहस्थ पंचावन्नाच्या घरात असताना ब्राँझ जिंकणाऱ्या टीममध्ये होते. पंचावन्न! आमच्या ऑफिसात तिशीत लोक ‘आता काय खेळणार’ म्हणून बॅडमिंटनची रॅकेट माळ्यावर टाकतात.

पण मला ज्याची गोष्ट सांगायचीय तो जॉन शूस्टर.

खाणींच्या पट्ट्यातल्या चिझम नावाच्या छोट्या गावातला हा मुलगा. 2006 साली तुरिनच्या ऑलिम्पिकमध्ये पीट फेन्सनच्या टीममधला धाकटा गडी, ब्राँझ घेऊन आला. मग त्याने स्वतःची टीम काढली, स्वतः कॅप्टन, आणि 2010 साली व्हँकुव्हरला गेला. पहिल्या चारही मॅच हरले. पाचव्या मॅचला त्याला बेंचवर बसवलं. विचार करा, कॅप्टनलाच, आणि अख्खा देश टीव्हीवर बघतोय. त्याच्या जागी आत आला ख्रिस प्लाइस, डुलूथचाच पोरगा. ती मॅच टीम जिंकली! शेवटी नऊपैकी दोन विजय. 2014 साली सोचीला पुन्हा गेला, पुन्हा नऊपैकी दोन. इंटरनेटवर लोकांनी त्याच्या आडनावाचं क्रियापद केलं. ‘शूस्टर करणं’ म्हणजे ऐन मोक्याच्या वेळी माती खाणं.

त्यानंतर अमेरिकेच्या कर्लिंग संघटनेने नवा ट्रेनिंग प्रोग्रॅम काढला, ट्रायल घेतली आणि दहा पुरुष निवडले. शूस्टर त्यात नव्हता.

इथे मी जरा थांबते, कारण हे मला लागलं. मी कॉलेजात खो-खो खेळायचे. बऱ्यापैकी. मास कॉमच्या आधीच्या वर्षी एका सिलेक्शनला गेले आणि यादीत नाव आलं नाही. नोटीस बोर्डवरचा तो कागद मला अजून आठवतो, वरच्या कोपऱ्यात गंजकी टाचणी होती. त्यानंतर मी ग्राउंडवर पाऊल ठेवलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, खेळू नकोस म्हणून. पण ज्या गोष्टीत आपण सिलेक्ट झालो नाही ती करत राहणं मला लाजिरवाणं वाटायला लागलं.

शूस्टरने काय केलं? आणखी तिघं गोळा केले. टायलर जॉर्ज आणि जॉन लँडस्टायनर हेही निवड न झालेले, मॅट हॅमिल्टनला प्रोग्रॅममधून वगळलेलं. स्वतःलाच म्हणायचे, रिजेक्ट्सची टीम. जॉर्ज डुलूथमध्ये घरचं दारूचं दुकान सांभाळायचा, लँडस्टायनर इंजिनिअर, शूस्टर क्रीडासाहित्याच्या दुकानात नोकरीला. 2015 साली त्यांनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ज्यांनी नाकारलं होतं त्यांना परत घ्यावं लागलं. 2016 साली वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ आलं.

आणि मग 2018, प्याँगचँग. पुन्हा तीच रड. सहापैकी चार हरले. आणखी एक पराभव म्हणजे सामान बांधा. समोर कॅनडा. जिंकले, 9-7. मग स्वित्झर्लंड. मग ब्रिटन. सेमीफायनलला पुन्हा कॅनडा, पुन्हा जिंकले. 24 फेब्रुवारीला फायनल, स्वीडनशी. आठव्या डावात 5-5 अशी बरोबरी. शेवटचा दगड शूस्टरच्या हातात. आठ वर्षांपूर्वी याच क्षणी याचे हात कापायचे. या वेळी त्याने एका फटक्यात स्वीडनचे दोन दगड बाहेर काढले आणि पाच पॉइंट मिळवले. कर्लिंगमध्ये एका डावात पाच म्हणजे... चला, शेवटच्या ओव्हरमध्ये पाच सिक्सर समजा. 10-7. अमेरिकेचं कर्लिंगमधलं पहिलं गोल्ड. गंमत म्हणजे बक्षीस समारंभात त्यांना आधी चुकून बायकांची मेडल्स दिली गेली!

जॉर्ज ही सगळी स्पर्धा जुने फाटके बूट घालून खेळला. 2022 साली बेजिंगला उद्घाटनात अमेरिकेचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी एक शूस्टर होता, आणि त्या टीममध्ये त्याच्या खांद्याला खांदा लावून होता तोच ख्रिस प्लाइस. 2010 साली याच्या जागी आत आलेला. ही टीम चौथी आली.

डुलूथमध्येच आता दोन कोरी आहेत. कोरी थीसी ही इथली मुलगी, लॅब टेक्निशियन. कोरी ड्रॉपकिन मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, इथे येऊन स्थिरावलेला रिअल इस्टेट एजंट. दोघांनी 2023 साली मिक्स्ड डबल्सचं जगज्जेतेपद जिंकलं, अमेरिकेसाठी पहिलं, आणि 2026 साली ऑलिम्पिकचं रौप्य. पाट्या कोऱ्या, मेडल्स भरपूर! (सॉरी, मोह आवरला नाही.)

हे सगळं मला सांगत होत्या सत्तरीतल्या एक आजी. क्लबच्या जुन्या मेंबर, शाळेत असल्यापासून खेळणाऱ्या. त्यांच्या बोलण्यात शूस्टर हा चॅम्पियन नव्हताच. ‘जॉन’ होता, पलीकडच्या पट्टीवर सराव करणारा. “हरून आला तेव्हा तुम्ही काय म्हणालात?” मी पत्रकारी प्रश्न टाकला. त्या जरा विचारात पडल्या. “काय म्हणणार? त्या हिवाळ्यात माझ्या स्वतःच्याच मॅचेस होत्या.”

मग त्यांनी मला बर्फावर उतरवलं. डाव्या बुटाखाली घसरायची चकती, उजवा पाय रबरी खोबणीत, हातात ते वीस किलोचं धूड. पहिला दगड अर्ध्यातच थांबला. एका ठरावीक रेषेपलीकडे गेला नाही तर बाद धरतात, उचलून बाजूला ठेवतात. दुसऱ्याच्या वेळी मीच आडवी झाले, दगड आपला एकटाच पुढे गेला. दादाने व्हिडिओ काढला, अर्थात. तिसऱ्याला आजींनी ‘हरी!’ असा काही टाहो फोडला की दोन अनोळखी माणसं धावत येऊन माझ्या दगडासमोर झाडायला लागली. पोचला. वर्तुळाच्या कडेला टेकला. टाळ्या वाजल्या, शेजारच्या पट्टीवरूनसुद्धा.

या खेळात क्लबच्या मॅचला पंच नसतो. आपला झाडू चुकून दगडाला लागला तर आपणच सांगायचं. संपल्यावर हात मिळवायचे आणि दोन्ही टीमनी एकाच टेबलावर बसायचं. पहिलं ड्रिंक जिंकणाऱ्यांनी पाजायचं, असा रिवाज. मी काही जिंकले नव्हते, पण हॉट चॉकलेट मला आजींनीच पाजलं.

“तू कुठला खेळ खेळतेस?” त्यांनी विचारलं.

“खेळायचे. खो-खो.” मग खो-खो म्हणजे काय, हे टिश्यू पेपरवर आठ फुल्या काढून समजावलं.

“खेळायचे म्हणजे? गुडघे गेले का?”

“नाही.”

“मग?”

मी टिश्यूवर नववी फुली काढली, ती चेझर.

परतीच्या वाटेवर गाडीत दादा-वहिनी पुढे गप्पा मारत होते. मी फोन काढला. कॉलेजच्या मुलींचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, दिवाळी आणि वाढदिवसांपुरता जिवंत. लिहिलं, ‘आपलं ग्राउंड अजून आहे का?’ पुण्यात पहाट असणार, कोण बघतंय म्हणून फोन ठेवला. दहा मिनिटांत टिंग झालं.

‘आहे की. साडेसहाला असतो आम्ही चार-पाच जणी. गडी कमी पडतात. का गं?’