छपरातल्या झोळ्या आणि तीन नंबरची बस

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमध्ये वाढलेल्या मराठी डॉक्टरांच्या मुलांना एकच घर फार दिवस मिळालं नाही. आमचे आईवडील सत्तरच्या दशकात मिरज, पुणे, नागपूर, मुंबईच्या मेडिकल कॉलेजांतून नॅशनल हेल्थ सर्व्हिसमध्ये आले. ज्युनिअर डॉक्टरची नोकरी बहुतेक वेळा सहा महिन्यांची. ती संपली की नवं गाव, नवं हॉस्पिटल, आवारातलं नवं क्वार्टर आणि आम्हाला नवी शाळा. पलंग हॉस्पिटलचे, पडदे हॉस्पिटलचे, चादरींवरसुद्धा हॉस्पिटलचा शिक्का. आपलं म्हणावं अशी एकच जागा होती, आणि तिला चाकं होती.

आमच्याकडे जुनी बेडफर्डची डॉर्मोबाईल होती. तिचं छप्पर एका कुशीवर उचललं की पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलं जाई आणि वर मुलांपुरत्या दोन झोळ्या तयार होत. खाली दोन शेगड्या, गॅसचा सिलिंडर, पायाने दाबायचा पाण्याचा पंप आणि रात्री पलंग होणारी बाकं. कप्प्यांतल्या जागा ठरलेल्या होत्या. मेतकुटाची बरणी डावीकडे, गोडा मसाला तिच्या मागे, कुकर शेगडीखाली. क्वार्टर बदललं तरी मेतकुटाची बरणी डावीकडेच. आम्हा भावंडांना घराची घडी म्हणजे काय ते या गाडीत कळलं.

सुट्टी जोडून मिळाली की गाडी लंडनला निघे. शहराच्या मधोमध एवढी गाडी लावायला जागा नसे, म्हणून मुक्काम दक्षिणेला, क्रिस्टल पॅलेसच्या कॅरॅव्हॅन साइटवर. शेजारी टेलिव्हिजनचा उंच मनोरा, आणि समोरच्या बागेत 1854 पासून उभे असलेले सिमेंट-विटांचे डायनोसॉर. ज्या काचेच्या महालावरून या भागाला नाव पडलं तो आधी हाइड पार्कमध्ये होता. 1851 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला. प्रदर्शन संपल्यावर तो उचलून इथे आणला आणि 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री जळाला. त्या प्रदर्शनात कोहिनूर मांडला होता, हे बाबांनी पडक्या पायऱ्यांवर बसून आम्हाला सांगितलं. आम्ही तोवर कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्येच जन्माला आला असं समजत होतो.

सकाळी तीन नंबरची दुमजली बस. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळवायची, ही आमची शर्यत. ब्रिक्स्टन, केनिंग्टन, मग नदी ओलांडून पार्लमेंट आणि व्हाइटहॉल. आईच्या पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फ्लास्कमध्ये चहा. बाहेर खायला पैसे नव्हते असं नाही, पण भारतातल्या दोन्ही घरी दरमहा मनिऑर्डरीसारखे पैसे जात, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. दशम्या आम्ही ट्रॅफल्गार चौकात बसून खात असू. तेव्हा तिथे कबुतरांसाठी दाणे विकत मिळत आणि आम्ही दोन्ही हात पसरून उभे राहत असू. 2003 पासून तिथे कबुतरांना खाऊ घालायला बंदी आहे.

आमची यादी शाळेत ऐकलेली: मेणाचे पुतळे, टॉवर, ममी, नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या मोठ्या दालनातला डिप्लोडोकसचा सांगाडा. त्या म्युझियमला 1987 पासून तिकीट लागू झालं, तेव्हा आई म्हणाली, आधी ब्रिटिश म्युझियम पुरतं बघून घ्या. ते मोफत होतं.

बाबांची यादी निराळी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते आम्हाला टिपू सुलतानाच्या लाकडी वाघापाशी फार थांबू देत नसत. मुख्यमंत्री अंतुले यांनी शिवाजी महाराजांची भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा केली होती, त्यामुळे लंडनमधल्या प्रत्येक मराठी घरात तेव्हा तलवारीचा विषय होता. बाबा काचेच्या एकेका कपाटापुढे वाकून चिठ्ठ्या वाचत. वाघनखं याच म्युझियमच्या संग्रहात होती. ती महाराजांचीच का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण 2024 च्या जुलैमध्ये ती उसनी म्हणून साताऱ्याला आली, तेव्हा आम्ही भावंडांनी एकमेकांना रात्री फोन केले.

मग मेडा व्हेलजवळचं हॉली प्लेस. दहा नंबरच्या घरावर निळी पाटी: लोकमान्य टिळक इथे 1918-19 मध्ये राहिले. चिरोल या ब्रिटिश पत्रकाराविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते आले होते आणि खटला हरले. हायगेटला क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर इंडिया हाऊस, तिथे 1985 मध्ये सावरकरांच्या नावाची पाटी लागली. आणि प्रिमरोझ हिलपाशी दहा, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. आमच्याबरोबर दुसऱ्या गाडीतून येणारे काका नागपूरचे. त्या घरापुढे ते बूट काढून उभे राहिले. फुटपाथ ओला होता. आम्हा मुलांपैकी कुणीही हसलं नाही, आणि त्यानंतर त्या रस्त्यावर आम्ही कधी पळालो नाही. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसदिवस बसणारा विद्यार्थी, असं काकांनी सांगितलं तेव्हा ममींची ती इमारत आमच्यासाठी वेगळी झाली.

आईच्या यादीत एकच ठिकाण होतं. ब्लूम्सबरीत हंटर स्ट्रीट, जिथे स्त्रियांसाठीचं मेडिकल कॉलेज होतं. बालपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाई 1889 मध्ये इथे शिकायला आल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. आई त्या वेळी भुलीच्या परीक्षेची तयारी करत होती, दोनदा नापास झालेली. ती इमारतीकडे बघत बोलली काहीच नाही. साइटवर परतल्यावर आम्हाला झोळ्यांत चढवलं आणि खालचा दिवा लावून पुस्तक उघडलं. झोळीतून खाली डोकावलं की तिचा भांग आणि पुस्तकाची पानं एवढंच दिसे. तिसऱ्या वेळी ती पास झाली. तिच्या त्या पिढीतल्या बायकांनी नोकरी, परीक्षा, रात्रपाळ्या आणि आम्हा सगळ्यांना कसं ओढलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. तो मांडायला हवा होता.

संध्याकाळी साइटवर कुकरच्या शिट्ट्या होत. शेजारच्या गाड्यांतली माणसं पहिल्या शिट्टीला वळून बघत आणि तिसरीपर्यंत सरावत. मऊ भात, मेतकूट, वर तूप. जूनमध्ये रेडिओ लावलेला असे. दिलीप वेंगसरकरांनी लॉर्ड्सवर 1979, 1982 आणि 1986 अशा सलग तीन कसोटींत शतकं केली, आणि 1986 मध्ये भारत तिथे पहिल्यांदा कसोटी जिंकला. दोन्ही गाड्यांची दारं उघडी ठेवून सगळ्यांनी समालोचन ऐकलं. आमच्या शाळेतल्या मुलांचा संघ हरला होता आणि आम्हाला आनंद झाला होता. त्या दिवसापर्यंत आम्ही कुणाच्या बाजूचे, हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता.

पुढे आईबाबांना कायमची जागा मिळाली, घर घेतलं, आणि गाडी विकली. घेणारा तिला घेऊन गेला त्या दिवशी बाबा दवाखान्यात थांबले, घरी आले नाहीत.

आता थोडी जुनी गाडी रोज लंडनमध्ये न्यायची तर खिसा रिकामा होईल. प्रदूषणाचा नियम 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सगळ्या भागांना लागू झाला. जी गाडी त्यात बसत नाही तिला दिवसाला साडेबारा पौंड. मात्र चाळीस वर्षांची झालेली ऐतिहासिक गाडी सुटते, म्हणजे आमची टिकली असती तर तिला आज मोकळी वाट असती. आमची मुलं नवा मोटारहोम भाड्याने घेतात आणि अॅबी वूडच्या साइटवर उतरतात. तिथून एलिझाबेथ लाइनने थेट शहरात. किंग हेन्रीज रोडचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, आता ते आतून बघता येतं. गेल्या उन्हाळ्यात मुलांनी यादी मागितली. काकांनी नागपूरहून त्यांना घराचा पत्ता पाठवला, आणि आईने हंटर स्ट्रीटच्या खाली स्वतःच्या परीक्षेचा हॉल लिहून दिला.