‘जोर लाव’ कसं सांगणार?

लेबर रूमइतकी आरडाओरड्याची जागा इस्पितळात दुसरी नसेल. ‘जोर लाव’, ‘दम सोडू नको’, ‘पाय सोड’; सिस्टर, मावशी, डॉक्टर, सगळे एकदम बोलत असतात. धडधाकट कानांच्या बाईलाही त्यातलं निम्मंच कळतं. जिला ऐकूच येत नाही, तिच्यासाठी आमच्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे आणखी मोठ्याने ओरडणं. ओरडलं की ओठांचे आकार बिघडतात आणि तोंडावर मास्क असला की ओठ दिसतच नाहीत. एरवीही प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे ‘पोट’ म्हटलं की ‘बोट’, हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

ही गाठ कळा सुरू झाल्यावर सुटत नाही, आठव्या महिन्याच्या तपासणीतच सोडवावी लागते. तिथे पहिली अडचण सोबत आलेल्या सासूबाईंची. मी सुनेला विचारते, ‘बाळ हलतंय का?’ उत्तर येतं सासूबाईंकडून, ‘हो हो, चांगलं हलतंय.’ त्यांना कसं कळलं कोण जाणे! मी उजेड माझ्या चेहऱ्यावर पडेल अशी बसते आणि सुनेलाच विचारते, ‘तुला कसं सांगू?’ कुणी ओठ वाचते, कुणी खुणांच्या भाषेत बोलते, कुणाच्या एका कानाला यंत्र असतं. लिहून दाखवणं सोपं वाटतं. पण लहानपणापासून खुणांत वाढलेल्या कित्येकींना लिखित मराठी परकीच असते. अशा वेळी लांब वाक्यापेक्षा चार शब्द आणि एक चित्र बरं. आणि तिने मान डोलावली म्हणजे तिला कळलं, असं मी धरत नाही. तिच्याकडून करून घेते.

मग खुणा ठरतात. बाळाचं डोकं बाहेर येताना जोर थांबवून तोंडाने छोटे श्वास घ्यायचे असतात, नाहीतर फाटून जास्त टाके पडण्याची भीती. नेमक्या त्याच क्षणी बाई डोळे गच्च मिटते. म्हणजे हाताची खूण फुकट. खूण स्पर्शाचीच हवी. खांदा दाबला की जोर, दोनदा थोपटलं की थांब. हे काम सोबतीण उत्तम करते. सरकारी रुग्णालयांतही 2016 पासून प्रसूतीच्या वेळी सोबतीला मुभा आहे. सलाईन मात्र बाई ज्या हाताने खुणा करते त्या हाताला लावू नये.

बाळाचे ठोके ऐकून बाकीच्या आया निवांत होतात. हिच्याकडे मॉनिटर वळवावा आणि आकडा दाखवावा: मिनिटाला 110 ते 160 म्हणजे ठीक.

सिझेरियनला नेताना बांगड्यांबरोबर कानाचं यंत्रही काढून घेतात. ही सवय मला मुळीच पटत नाही. पाठीत भूल देताना भूलतज्ज्ञ मागे असतो, त्याचं ‘हलू नका’ तिच्यापर्यंत पोचणार कसं? बाई जागीच असते, यंत्र कानात राहू द्यावं आणि समोर एक माणूस उभा करावा. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर सर्जनला आधीच कळवावं, कारण साधी मोनोपोलर कॉटरी टाळून बायपोलर वापरणं अधिक सुरक्षित.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रजनन आरोग्याची योग्य माहिती मिळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तालुक्याच्या गावी मध्यरात्री दुभाषी कुठून आणायचा, हे कायदा सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी मिळालं तर नशीब. पण ठरवलेलं सगळं बहुधा बिघडतं ते पाळी बदलताना. दिवसाच्या सिस्टरला खुणा पाठ असतात, रात्रीची येऊन पुन्हा ओरडू लागते. म्हणून खुणा केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहाव्यात, आणि तिची हरकत नसेल तर खाटेवरच्या पाटीवरही.