भिजलेला पुठ्ठा

मुलांनो, माझे अब्बा रद्दीचे दुकान चालवीत. पावसाळ्यात पुठ्ठा भिजे. भिजून लगदा झालेला पुठ्ठा व्यापारी घेत नसे. अब्बा तो मुकाट्याने फेकून देत. त्या दिवशी घरात सालन होत नसे. शाळेत कोणी मला 'रद्दीवाला' म्हटले, की मी मान खाली घालीत असे.

पुढे महाविद्यालयात एक गोष्ट कळली. कागद आणि पुठ्ठा यांत मुख्यतः सेल्युलोज असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज या साखरेची लांबच लांब साखळी. १८१९ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी कापडाच्या चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून साखर मिळवली. चिंध्यांतही सेल्युलोजच असते! या साखरेत यीस्ट घातले, की ती आंबते व अल्कोहोल तयार होते. ते औषधांच्या कारखान्यांत आणि इंधन म्हणून उपयोगी पडते.

जुन्या कागदापासून नवा कागद करता येतो. पण दर वेळी त्याचे तंतू आखूड होतात. शेवटी त्यांचा कागद होत नाही. त्यांच्यापासूनही साखर मात्र मिळू शकते. या कामाला खर्च फार येतो, म्हणून ते अजून सगळीकडे होत नाही.

हे मी अब्बांना सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "म्हणजे बेटा, इतकी वर्षे मी साखरच फेकत होतो!"

आता मी मान वर करून सांगतो, "मी रद्दीवाल्याचा मुलगा आहे." मुलांनो, तुमच्या गल्लीतील रद्दीवाल्याला तुम्ही कोणत्या नावाने हाक मारता?